कोकणातलं अडकलेलं स्फुरद आणि ते सोडवणारे जिवाणू

कोकणच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) नाही, असं सरसकट म्हटलं जातं. ते असतं, पण अडकलेलं. दरसालच्या धो धो पावसात चुना वाहून जातो आणि जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं उरतं. माती आम्लधर्मी होते आणि स्फुरद या दोघांना घट्ट धरून बसतं. वरून टाकलेल्या सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या खताचीही बरीचशी तीच गत होते.

गोणीतलं खत येण्याआधी इथे राब होता. ऐन-किंजळीचे टहाळ, शेण, पातेरा, त्यावर मातीचा थर आणि उन्हाळ्यात भाजावळ. राखेतून तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेला, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) मिळे, आम्लताही जराशी उतरे. पण अडकलेलं स्फुरद सोडवणारे वरच्या थरातले जिवाणू भाजून निघत, हेही खरं. जुनं ते सगळं जिवाणूंच्या सोयीचं होतं असं मानायचं कारण नाही.

सुपर फॉस्फेटचं पेटंट १८४२ सालचं, इंग्लंडमधल्या जॉन लॉज यांचं. पुढच्याच वर्षी त्यांनी रोथॅमस्टेडला प्रयोग सुरू केले आणि तिथले काही प्लॉट आजही चालू आहेत. भारतात असे दीर्घकालीन खतप्रयोग देशपातळीवर १९७० पासून एकत्र चालले. १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद, ५० पालाश हा आकडा शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. १९८०च्या दशकात अलिबागजवळ थळला युरियाचा कारखानाही उभा राहिला.

ठिकठिकाणच्या अशा जुन्या प्लॉटांतून जे दिसतं ते ‘खताने जिवाणू मेले’ इतकं सोपं नाही. तयार स्फुरद समोर असलं की जिवाणू सेंद्रिय स्फुरद फोडणारी फॉस्फेटेज विकरं (एन्झाइम) बनवणं कमी करतात. ती बनवण्यात त्यांची ऊर्जा खर्ची पडते, मग उगाच कोण राबेल? दुसरा परिणाम नत्राचा. युरियातल्या अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं आणि आम्लता वाढली की मातीत कोणते जिवाणू टिकणार हेच बदलतं. आधीच आम्ल असलेल्या मातीत तर हे जास्तच जाचतं. शेणखत जोडीला असेल तर चित्र बरंच सावरतं.

भाताच्या मळ्यात मात्र एक वेगळीच गंमत आहे. चिखलणी करून पाणी कोंडलं की प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू श्वसनासाठी लोहाचाच वापर करतात. लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेलं स्फुरद मोकळं होतं. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरच्या नाचणीला ही सोय नाही. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून अशाच कातळ-उतारावर हापूस आणि काजू चढले. म्हणजे लागवड वाढली ती नेमकी जिथे पाणी साचून स्फुरद सुटत नाही तिथे.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू शोधायची रीत १९४८ मध्ये पिकोवस्काया या सोव्हिएत संशोधिकेने घालून दिली. थाळीतल्या दुधाळ माध्यमावर जिवाणूंचे ठिपके वाढतात. ज्याच्याभोवती स्वच्छ कडं उमटतं, तो निवडायचा. आजच्या पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) खताच्या पाकिटांतले जिवाणूही बहुधा याच चाळणीतून आलेले असतात. पण थाळीतला तो दुधाळपणा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा, म्हणजे चुन्याला बांधलेल्या स्फुरदाचा. आपल्याकडचं कुलूप लोहाचं. थाळीत मोठं कडं काढणारा जिवाणू दापोलीच्या उतारावर तेवढाच कामाचा ठरेल, असं गृहीत धरता येत नाही. शिवाय सोडलेला जिवाणू मातीतल्या मूळच्या गर्दीत टिकायला हवा.

भातात युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या गोळ्या हा इथला जास्त मुरलेला उपाय. लावणीनंतर चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधे गोळी खोल दाबायची. खत एकाच जागी राहतं, मातीशी संपर्क कमी येतो आणि स्फुरद कमी अडकतं. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (आम्लतेचं माप, पीएच) आणि उपलब्ध स्फुरदासह बारा गोष्टी असतात. जिवाणूंसाठी त्यात रकाना नाही. त्यातल्या त्यात सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावरूनच काय तो अंदाज बांधायचा.