मुंबई–लंडन विमानप्रवास : तिकिटावरील वेळा कशा वाचाव्यात

मुंबईहून लंडनला जायला किती तास लागतात, हा प्रश्न आमच्या कार्यालयात जवळजवळ रोज येतो, आणि तिकीट हाती पडले की तोच प्रश्न तक्रारीच्या सुरात परत येतो : "तुम्ही साडेनऊ तास म्हणालात, इथे तर पाचच दिसतात."

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावाची. समजा, जुलैमध्ये विमान मुंबईहून दुपारी १.३० ला सुटून लंडनला सायंकाळी ६.३० ला उतरते. सरळ वजाबाकी केल्यास पाच तास येतात. परंतु उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि खाण्याच्या वेळा याच साडेनऊ तासांवर ठरवाव्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळ आणखी एक तास मागे जाते व मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येते, म्हणून हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा धरावा.

सर्वांत महाग पडते ती याच्या उलट चूक. एका ग्राहकांच्या चिरंजीवांनी तिकिटावरील ६.३० ही भारतीय वेळ समजून त्यातून साडेचार तास वजा केले, दुपारी दोनलाच हिथ्रो गाठले आणि "आईबाबा अजून बाहेर आले नाहीत" म्हणून आम्हाला फोनवर फोन केले. त्या वेळी आईबाबा विमानात होते आणि पार्किंगचे मीटर चालू होते. पोहोचण्याच्या वेळेत काहीही मिळवू नये, काहीही वजा करू नये. लंडनमधील माणसाने आपल्या मनगटावरील घड्याळ पाहावे.

काही चोखंदळ ग्राहक अंतरावरून हिशेब मांडतात. दोन्ही शहरांतील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाते, तर आठच तास लागायला हवेत. मात्र वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना ते समोरून लागतात व परतताना पाठीशी असतात. म्हणूनच परतीचा प्रवास सहसा तासभर कमी भरतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी केली तशी कोणी हवाई हद्द बंद केली, तर वळसा घ्यावा लागतो तो निराळाच.

या सर्व कारणांनी आम्ही तिकिटासोबत एक वेगळा कागद देतो, ज्यावर प्रत्येक वेळ भारतीय आणि स्थानिक अशी दोन्ही प्रकारे लिहिलेली असते. त्यावर आकड्यांची गर्दी होते, हे मान्य. पण तो जपून ठेवणाऱ्यांचे फोन आम्हाला क्वचितच येतात. लंडनहून पुढचे तिकीट वेगळे काढायचे असल्यास मध्ये किमान चार तास ठेवण्याचा आमचा आग्रह असतो, कारण इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा यांना वेळापत्रक नसते. यावर काहीजण नाराज होतात, तरी तो आग्रह आम्ही सोडत नाही.

कागदाची प्रत तिकडील नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हीच पाठवतो. त्याचे वेगळे शुल्क नाही. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत गाडी हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगावे, म्हणजे घाटातील खोळंबा धरून निघण्याची वेळही त्याच कागदावर लिहून देता येईल.