हिरोशिमाचा वैमानिक वेडा झाला नव्हता

हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाला पश्चात्तापाने वेड लागलं, ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कुणी त्याला आत्महत्याही करायला लावतात! प्रत्यक्षात 6 ऑगस्ट 1945 रोजी 'एनोला गे' हे बी-29 बॉम्बर चालवणारे पॉल टिबेट्स 2007 मध्ये, 92 व्या वर्षी वारले. केल्याचा पस्तावा नाही, हे ते अखेरपर्यंत ठणकावून सांगत.

मग वेड्याची गोष्ट आली कुठून? क्लॉड ईथर्ली या दुसऱ्याच वैमानिकाकडून. त्याचं विमान त्या सकाळी पुढे जाऊन हिरोशिमाचं हवामान पाहून परतलं. बॉम्ब त्यात नव्हताच. युद्धानंतर तो फसवणूक, दरोडे अशा प्रकरणांत सापडला, मनोरुग्णालयातही राहिला. जर्मन तत्त्वज्ञ ग्युंटर आंडर्सशी झालेल्या पत्रव्यवहारामुळे तो अपराधी विवेकाचं प्रतीक बनला. त्याचा पश्चात्ताप कितपत खरा, यावर वाद आहेत. पण लोकांना पस्तावलेला वैमानिक हवा होता, आणि तो मिळाला.

टिबेट्स तर साठच्या दशकात लष्करी अधिकारी म्हणून दिल्लीच्या अमेरिकी दूतावासात होते. त्यांच्या नेमणुकीला इथे विरोधही झाला होता.