ऑफिस सुटल्यावरचं समाजकार्य आलं कुठून

नोकरी करणाऱ्या तरुण पोरापोरींनी आपल्या भागात थोडं काम करावं असं हल्ली सगळेच सांगतात. कंपनीचा एचआर सांगतो, सोसायटीतले काका सांगतात, नगरसेवक तर फ्लेक्सवरून सांगतो, आणि समोरून उत्तरही ठरलेलं असतं, वेळ कुठाय. आता हा सगळा प्रकार परदेशी कंपन्यांनी आणलेलं फॅड आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, ते काही खरं नाही. आपल्याकडे याला चांगला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. फक्त त्या इतिहासातल्या ज्यांनी घरदार, नोकरी सगळं सोडलं त्यांच्याच गोष्टी आपण सांगत आलो, आणि संध्याकाळी तास-दोन तास देणारे जे होते ते मात्र कुठे फारसे येतच नाहीत. माझ्या मते "वेळ कुठाय" या उत्तराचं मूळ थोडं तिथेही आहे.

जोतिराव फुल्यांपासून सुरू करू. मुलींची शाळा १८४८ ची, ती सगळ्यांना माहिती असते, पण १८५५ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरात रात्रीची शाळा काढली ते कमी सांगितलं जातं. शेतकरी, मजूर, दिवसभर राबणारी माणसं, त्यांना दिवसा शाळेत येणं शक्यच नव्हतं म्हणून रात्री. जोतिराव तेव्हा २८ वर्षांचे, म्हणजे आजच्या हिशोबात टीम लीड वगैरे होण्याचं वय. आणि पुढेही पोटापाण्याचा व्यवसाय त्यांनी सोडला नाही, बांधकामाची कंत्राटं घेत राहिले आणि समाजाचं काम त्याच्या बरोबरीने चालू राहिलं. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच वर्षांत १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला, तेव्हा धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं ते याच मंडळींनी, म्हणजे ज्यांचे आपापले धंदे होते अशा लोकांनी. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंचा मुलगा डॉ. यशवंत, पंचविशीच्या आतबाहेरचा डॉक्टर, त्याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला, सावित्रीबाई रुग्णांना तिथे आणत होत्या आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या.

मग दुसरा धागा सुरू होतो, आणि तो इतका चमकदार आहे की पहिला झाकूनच गेला. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकरही लगेच येऊन मिळाले. टिळक-आगरकर दोघंही १८५६ चे, म्हणजे चोविशीतले ग्रॅज्युएट, आणि त्या काळात ग्रॅज्युएट म्हणजे सरकारी नोकरी जवळपास खिशात. ती सोडून हे मास्तर झाले. पुढे १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली तेव्हा आजीव सदस्यांनी ७५ रुपयांवर वीस वर्षं काम करायचं असा नियम होता. गोखल्यांनी ती वीस वर्षं भरली आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तिथे तर सदस्य रीतसर शपथा घ्यायचे, स्वतःसाठी पैसा कमावणार नाही वगैरे.

या माणसांपुढे हात जोडावेत अशीच ती आहेत, त्यात वाद नाही. पण झालं काय, की "समाजकार्य" म्हटलं की मराठी डोक्यात हेच चित्र बसलं. पूर्णवेळ, खादी, झोळी, लग्न उशिरा किंवा नाहीच. आणि ज्याला होम लोनचा हप्ता आहे, ज्याचे आईवडील गावाकडे त्याच्यावर अवलंबून आहेत, त्याला वाटायला लागलं की आपण या गोष्टीत बसतच नाही, आपण फार तर वर्गणी द्यायची.

गंमत म्हणजे भारत सेवक समाजातल्याच एका पूर्णवेळ माणसाने अर्धवेळवाल्यांसाठी दार उघडलं. ना. म. जोशी. आधी शाळेत शिकवायचे, १९०९ मध्ये भारत सेवक समाजात आले आणि १९११ ला मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. (मुंबईकर त्यांना मुख्यतः लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गामुळे ओळखतात, जिथे आता कॉर्पोरेट ऑफिसंच ऑफिसं आहेत.) लीगचं काम गिरणगावात, चाळींमध्ये: रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या. शिकल्यासवरल्या लोकांनी कामगार वस्तीत जायचं, तिथल्या माणसाला काय लागतं ते बघायचं आणि तेवढं एक काम नीट धरायचं अशी ती रीत. यात नोकरी सोडायची अट नव्हती. तुम्हाला एक वाचनालय सांभाळता येतंय का, एवढाच प्रश्न. तुम्हाला देशासाठी मरता येईल का, या प्रश्नापेक्षा हा कितीतरी सोपा, आणि माझं मत विचाराल तर जास्त उपयोगाचा.

ठक्कर बाप्पांचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. मूळचे भावनगरचे, पण इंजिनिअरिंग पुण्यात शिकले, काही काळ सांगली संस्थानात नोकरी केली आणि मग मुंबई महापालिकेत. तिथे सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी डोळ्याने पाहिल्या. अस्पृश्यता निवारणाचं काम करणाऱ्या विठ्ठल रामजी शिंद्यांच्या ओळखीने कामात ओढले गेले, नोकरीत असतानाच या सफाई कामगारांच्या मुलांच्या शाळेसाठी धडपड केली, आणि १९१४ मध्ये राजीनामा देऊन भारत सेवक समाजात दाखल झाले. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. गोष्ट सांगताना आपण राजीनाम्यापासून सुरुवात करतो, पण नोकरीतली ती आधीची वर्षं नसती तर राजीनामा आला असता का?

पुढच्या काळात संघटनांनी एक साधी गोष्ट ओळखली, ती म्हणजे रोजचा ठरलेला तास. नागपुरात १९२५ ला संघ निघाला, १९४१ ला राष्ट्र सेवा दल, विचार एकमेकांच्या उलटे, पण दोन्हीकडे मैदानावरची शाखा होती आणि ती नोकरदाराला, विद्यार्थ्याला जमेल अशा वेळेला भरायची. स्वातंत्र्यानंतर मग आपत्ती आली की गर्दी, एरवी शांत असं चालू झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात चिखल उपसायला, अन्न-कपडे वाटायला कॉलेजची पोरं आणि मंडळांचे कार्यकर्ते उतरले, हे पुण्यातली जुनी माणसं अजून सांगतात.

सरकारने यात पडायचं ठरवलं ते १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षी. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांमध्ये ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. (सत्यशोधक समाजाची तारीखही २४ सप्टेंबरच, निव्वळ योगायोग.) दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. आता एनएसएसला नावं ठेवणारे खूप आहेत, ग्रेस मार्कांसाठी पोरं जातात, रस्त्याकडेला चुना मारून येतात, हे सगळं खरंच आहे. पण शहरातल्या लाखो पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा गावातल्या शाळेच्या वर्गात झोपून सकाळी फावडं हातात घेतलं ते या शिबिरांमुळे. अडचण वेगळीच होती: डिग्री मिळाली की एनएसएस संपलं. बावीस वर्षांच्या पोराला सवय लावायची आणि बरोबर नोकरी लागते तेव्हा हात सोडायचा, पुढचं काहीच नाही. त्याच सुमाराला बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, युक्रांद म्हणजे युवक क्रांती दल १९६७ ला निघालं, १९७२ च्या दुष्काळात ही पोरं गावोगाव हिंडली, आणि त्यातले बरेच जण परत पूर्णवेळच्या वाटेने गेले.

या सगळ्यात ज्या काळावर कोणी फार लिहीत नाही तो म्हणजे सत्तर-ऐंशीचा दहा-ते-साडेपाच नोकरीचा काळ. बँक, एलआयसी, मंत्रालय, शाळा, बीएआरसी. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची, अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ ची, या आणि अशा कितीतरी संस्था चालल्या त्या शिक्षक, क्लार्क, शास्त्रज्ञ, गृहिणी यांच्या जिवावर. ग्राहक पंचायतीची पद्धत तर भारी होती: शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल एकत्र एका ठिकाणी येणार आणि तो मोजून-वाटून घ्यायचं काम सभासदांनीच आळीपाळीने करायचं. कोणाला त्यात आपण थोर काही करतोय असं वाटतही नसेल. "लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय" असे टोमणे घरून खायचे आणि तरी जायचं. हे जमायचं कारण उघड आहे, ऑफिस साडेपाचला सुटायचं म्हणजे सुटायचं, आणि साडेसातला माणूस आपल्याच गल्लीत असायचा.

नव्वदनंतर हेच गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, त्या वेळी पुण्यामुंबईची माणसं ट्रक भरून लातूर-उस्मानाबादकडे गेली, ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था तर तिथे हराळीला कायमच्या थांबल्या. पण त्यानंतरच्या दशकात नोकरीचंच स्वरूप बदललं. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री नऊला कॉल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास, नोकरी एका टोकाला आणि घर दुसऱ्या, दर दोन-तीन वर्षांनी भाड्याचा फ्लॅट बदलायचा. संध्याकाळ हा प्रकारच उरला नाही, आणि "आपली गल्ली" हा प्रकार तर त्याहून नाही. तरुण स्वार्थी झाले वगैरे जे म्हणतात ना, त्यांनी जरा वाकडच्या चौकात सात वाजता उभं राहून बघावं.

मग काम वीकेंडवर सरकलं. गडकिल्ल्यांवरची साफसफाई, एका दिवसाचं वृक्षारोपण, रविवारचा बीच क्लीनअप. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वयस्कर शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली, लोक जोडत गेले, २०१६ ला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. हे यशस्वी झालं कारण ते दर आठवड्याला त्याच जागी होत राहिलं. २०१६ लाच पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, तीन तालुक्यांत सुरू झाली, २०१८ पर्यंत ७५ तालुके झाले आणि १ मेच्या महाश्रमदानाला शहरातले जलमित्र बस भरभरून गेले. दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ पासून निर्माण शिबिरं सुरू केली, तिथे तरुण डॉक्टर-इंजिनिअर आयुष्याचं काय करायचं हेच विचारायला येतात. ती वाट पुन्हा बरीचशी पूर्णवेळची.

आणि मग सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून: ठराविक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यामुळे पैसा आला, संस्थांना मोठा आधार झाला, आणि त्याबरोबर एकसारखे टीशर्ट, ५ जूनची रोपं आणि लिंक्डइनवरचे फोटोही आले. यातला एक बारकावा फार कमी लोकांना माहितीये. कर्मचाऱ्यांनी स्वतःहून दिलेल्या तासांची किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, सरकारने तसं स्पष्टच केलंय. कर्मचाऱ्यांना सामील करा म्हणून प्रोत्साहन आहे, पण हिशोबात धरले जातात ते रुपयेच. म्हणजे कंपनीच्या नजरेने बघितलं तर तुम्ही महिन्यातून चार शनिवार झोपडपट्टीत गणित शिकवलं काय आणि एकदा रोप लावून फोटो काढला काय, ताळेबंदात फरक शून्य, उलट दुसऱ्याचा फोटो छान येतो. मग एचआर एकदिवसीय इव्हेंट का करतो हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिलं आपल्याच वॉर्डातलं काम. मुंबई महापालिकेने नव्वदच्या दशकात एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) नावाचे रहिवाशांचे गट काढले, गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन कचरा वेगळा करायचा, रस्ता-गटारावर लक्ष ठेवायचं आणि पालिकेशी थेट बोलायचं. कल्पना उत्तम, काही गल्ल्यांनी खरंच करून दाखवलं. पण असल्या कामात सगळीकडे दिसतात ते बहुतेक रिटायर्ड काका-काकू, आणि तरुण का येत नाहीत म्हणून कुरकुरही त्यांचीच असते. यायचं कधी, वॉर्ड ऑफिस उघडं असतं सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्याच वेळेत.