बसवाले वीज का विकतात?

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांत विजेचं बिल येतं ते ‘बेस्ट’चं. तीच ‘बेस्ट’ लाल बसही चालवते. बस आणि वीज एकाच छपराखाली कशी आली, याचं उत्तर ना बसमध्ये आहे ना बिलावर. ते आहे साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या ट्राममध्ये.

मुंबईत ट्राम आणायचं पहिल्यांदा एका अमेरिकन कंपनीच्या मनात आलं, १८६५ साली. वेळ मात्र चुकली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि कापसावर गब्बर झालेली मुंबई रातोरात कंगाल झाली. बेत बारगळला. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली आणि स्टर्न्स अँड किट्रेज या कंपनीशी करार झाला. तिच्या तबेल्यात ९०० घोडे होते म्हणतात. कंपनीची कचेरी कुलाबा कॉजवेवर होती, तिथे आज ‘बेस्ट’चं इलेक्ट्रिक हाऊस उभं आहे.

९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावू लागली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. भाडं तीन आणे, आणि तिकीट नाहीच! गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं; फुकटे प्रवासीही वाढले, म्हणून त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. मुंबईकराची ही सवय बरीच जुनी दिसते.

घोड्यांच्या जागी वीज आणायची तर भांडवल प्रचंड लागणार. १८९९ मध्ये कंपनीने पालिकेकडे परवानगी मागितली आणि सोबत एक अटही घातली. १८७४ च्या कायद्याने पालिकेला १९०१ मध्ये ट्राम ताब्यात घेण्याचा हक्क होता, तो तिने सोडावा. पालिका उलट ट्राम घ्यायलाच निघाली आणि कायदेशीर कटकटींत अडकली. अखेर १९०५ मध्ये नवी कंपनी आली : बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजेच ‘बेस्ट’. आपल्या कोड्याची गाठ इथे सुटते. ट्रामला वीज हवी आणि शहरात ती विकत मिळेल अशी सोय नाही, म्हणून कंपनीने वाडीबंदरला वाफेवर चालणारं वीजकेंद्रच उभारलं. मग तीच वीज घराघरांत आणि दुकानांत विकायला कितीसा वेळ लागणार?

७ मे १९०७ च्या संध्याकाळी पालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम गेली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. बस आली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे ज्या बससाठी आपण ‘बेस्ट’ ओळखतो, ती या घरातली धाकटी.

पण धाकटीनेच थोरलीला घराबाहेर काढलं. ट्रामला रूळ सोडता येत नाही, समोर हातगाडी अडली की मागे सगळ्या ट्राम उभ्या. बसला वाट बदलता येते आणि जिथे रूळ नाहीत त्या नव्या वस्तीतही शिरता येतं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने अखेर कंपनी ताब्यात घेतली, १९०१ ला हुकलेला हक्क शेहेचाळीस वर्षांनी बजावला. नावातला ‘ट्रामवेज’ जाऊन ‘ट्रान्सपोर्ट’ आला. आद्याक्षर तेच, त्यामुळे ‘बेस्ट’ ‘बेस्ट’च राहिली, ट्राम मात्र नावातून आधी गेली, रस्त्यावरून नंतर. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री खचाखच भरलेली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली. मुंबईतल्या ट्रामला नव्वद वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम सव्वा महिना उरला होता.

दादरच्या त्या चौकाचं नाव खोदादाद सर्कल. पण टॅक्सीवाल्याला अजूनही ‘दादर टीटी’ म्हटलेलंच कळतं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस.