एक आकडा चुकला म्हणजे पायलट होणं संपलं?

ओझरला उतरणारी विमानं बघून पायलट व्हायचं ठरवलेल्या नाशिकच्या पोरांना हमखास ऐकवतात: इशिहारा या रंगदृष्टीच्या चाचणीत, रंगीत ठिपक्यांत लपलेला एक आकडा ओळखायला चुकला की संपलं. तसं नाही. या चाचणीच्या ३८ पानी पुस्तकाच्या मूळ निकषात पहिली २१ पानं मोजतात. १७ किंवा जास्त बरोबर तर रंगदृष्टी सामान्य, १३ किंवा कमी तर दोष. अंतर ७५ सेंटिमीटर, एका पानाला ३ सेकंद, उजेड दिवसासारखा. पिवळ्या बल्बखाली तर दोष असलेलेही कधी पास होतात! मोबाइलवरचा निकाल तर सोडूनच द्या.

नापास झालात, तरी आंतरराष्ट्रीय नियमांत दुसरी वाट आहे: विमानवाहतुकीतले रंगीत दिवे अचूक ओळखून दाखवायचे. रंगीत काँटॅक्ट लेन्स लावून केलेली चाचणी मात्र चालत नाही.