गोळी आधी, मिसळ नंतर

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला आलेल्या घोळक्यात कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, एखादे आजोबा असले की घरच्यांची नजर त्यांच्या थरथरत्या चमच्यावर असते. पोटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. वास्तविक १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यातही बद्धकोष्ठाची नोंद आहे.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं. स्नायूंनी कधी आवळायचं, कधी सैल पडायचं, हे बरंचसं तेच ठरवतं. मेंदूला दर वेळी विचारत बसत नाही. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूत साचतात, तशा या जाळ्यातही सापडतात. म्हणून अनेक रुग्णांचं पोट हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून साफ होत नसतं. (इसबगोल घेणाऱ्या प्रत्येकाने धास्ती घ्यावी असं अजिबात नाही.) आजाराची सुरुवातच आतड्यात होत असेल, असं हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास सुचवलं. काही रुग्णांना ते लागू पडतं, काहींना नाही. तो वाद चालूच आहे.

आता मिसळीकडे. या आजारातलं मुख्य औषध लेव्होडोपा. ते जठरात नाही, लहान आतड्यात शोषलं जातं. जठर आधीच मंद, त्यात तर्रीचं तेल त्याला आणखी रेंगाळवतं. गोळी पुढे सरकली तरी मटकीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं तिच्या वाटेत येतात, कारण आतड्याच्या भिंतीतून आत जायचं दार दोघांचं एकच. मेंदूच्या उंबऱ्यावर पुन्हा तीच चढाओढ. मग तासाभराने आजोबांना खुर्चीतून उठवत नाही आणि घरचे म्हणतात, 'गोळी लागूच पडत नाही हल्ली.' म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. प्रथिनं मात्र परस्पर बंद करू नयेत, वजन उतरतं. वेळा डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात.

सह्याद्रीच्या रानात उगवणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. त्यामुळे तिची पूड 'झाडपाल्याचं निरुपद्रवी औषध' म्हणून घेणारे भेटतात. पण चमचाभर पुडीत ते किती उतरेल याचा भरवसा नाही, आणि गोळीच्या जोडीला ती घेतली तर मात्रा जास्त होऊन हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात.