घोट्याच्या सुजेमागची गोळी

समजा, परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर ७६ वर्षांच्या आजी राहतात. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी घेतात. काही आठवड्यांनी संध्याकाळी घोटे सुजायला लागतात. हे अ‍ॅम्लोडिपिनमुळे होऊ शकतं. या औषधाने बारीक रोहिण्या सैलावतात, शिरा मात्र तितक्या सैलावत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपून पायांत साचतं.

आजी सूज दाखवतात ती दुसऱ्याच डॉक्टरांना. जुना केसपेपर घरीच राहिलेला असतो. लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. आता रात्री तीनतीनदा उठणं, अंधारात गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणं, तोल जाणं. पोटॅशियम कमी झालं तर अशक्तपणा येतो, पायांत गोळे येतात. त्यावर आणखी एक औषध. सूज हा नवा आजार नव्हता, पहिल्या गोळीचा परिणाम होता. डोस कमी करून किंवा औषध बदलून ती बहुधा उतरली असती.

आणि गुडघे! दिवसातून चारदा जिने चढायचे म्हणजे दुखणारच. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून डायक्लोफेनॅक आणलं जातं, चिठ्ठी न दाखवताच. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त येण्याची वाट या वेदनाशामकाने अरुंद होते. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी वाट रुंद झालेली असते. लघवीच्या गोळीने शरीरातलं पाणीच कमी झालेलं. तिन्ही मिळून गाळणीतला दाब कोसळतो. त्यात मे महिन्याचा घाम किंवा दोन दिवसांचे जुलाब आले, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकतं. तिन्ही औषधं रोजच्या वापरातली, पण एकत्र आली की धोक्याची.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, ‘नॉर्मल’ दिसलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारपणी स्नायू झडलेले असतात, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलं तरी आकडा बरा दिसतो. वय धरून काढलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं याचा अंदाज, बघायला हवा.

औषधं वाढली की एकमेकांना बाधू शकतील अशा जोड्या त्याहून वेगाने वाढतात: दोन औषधांची एकच जोडी, पाचांच्या दहा, आठांच्या अठ्ठावीस. अमेरिकेतले डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली; तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन त्या यादीत आहे. त्याने वृद्धांना भ्रम होऊ शकतो, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. झोपेसाठी वर्षानुवर्षं घेतलं जाणारं अल्प्राझोलामही आहे. त्याने पडण्याचा, खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. पण ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

पुढच्या वेळी ओपीडीत जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. काढे, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारणीने दिलेली पाकिटंसुद्धा. आणि विचारा: “डॉक्टर, यातलं काय कमी करता येईल?”